पायाच्या आधी

वेलचेरीत बांधकाम काढलं की जागेवर सगळ्यात आधी येते ती माती तपासणाऱ्यांची लोखंडी तिपाई. ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून पडत राहतो, नळी जमिनीत उतरते, आणि ३० सेंटिमीटर उतरायला किती ठोके लागले ते एक पोऱ्या वहीत टिपून घेतो. मग काही दिवसांनी प्रयोगशाळेतून अहवाल येतो. त्यात वरपासून खालपर्यंतचा तक्ता असतो: इतक्या खोलीपर्यंत काळी चिकणमाती, पुढे वाळूमिश्रित माती, पुढे कुजका खडक, त्याखाली पक्का खडक. या तक्त्याची पहिली ओळ मात्र बहुतेक ठिकाणी एकच असते: भराव, एक ते दीड मीटर. इंजिनिअरला त्या ओळीशी काही कर्तव्य नसतं. भरावावर इमारत उभी राहत नाही, तो उपसायचा किंवा त्याला भेदून खाली जायचं. माझं काम आहे ते नेमकं त्या एका ओळीत.

मी डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकले. लग्नानंतर चेन्नईला आले आणि वेलचेरीतच स्थिरावले. जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेणाऱ्या वास्तुविशारदांना मी मदत करते. भिंतीतला चुना कसा मळलाय, जमीन किती वेळा नव्याने केलीय, कुठली खोली आधीची आणि कुठली नंतर जोडलेली, हे शोधून नोंदवून द्यायचं. पण ज्या कामाने माझ्या डोक्यात कायमचं घर केलं ते जमिनीच्या वरचं नव्हतं.

दंडीश्वरर मंदिरापासून थोडं चालत गेलं की एका गल्लीत, सगळे ज्यांना मामी म्हणत त्या बाईंचं घर होतं. समोर दोन्ही बाजूंना ओटे, आत उघडा चौक, वर मद्रास टेरेस. म्हणजे सागवानी तुळया, त्यांच्यावर चुन्यात काठावर उभ्या, तिरप्या बसवलेल्या पातळ विटा आणि त्यावर वीटचुरा घालून धोपटलेला चुना. मुलं परगावी. घर गळू लागलं होतं आणि प्रत्येक पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी चौकात येत होतं. मामींनी बिल्डरशी करार केला: खाली खांबांवर पार्किंग, वर मजले, निम्मे फ्लॅट त्यांचे. एकच अट घातली, की समोरचे ओटे आणि त्यांचे लाकडी खांब नव्या इमारतीच्या दारात राहिले पाहिजेत. ओटे ठेवायचे तर त्यांचा पाया किती खोल आहे ते कळायला हवं. म्हणून वास्तुविशारदाने पाया तपासायला चाचणी खड्डे घ्यायचं ठरवलं: एक ओट्याला लागून, एक चौकात, एक परसात विहिरीजवळ. खड्डे होणारच आहेत तर माती वाचायला या, असं म्हणून मला बोलावलं.

हे रीतसर उत्खनन नव्हतं. उत्खननाचा परवाना केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो आणि तो संस्थांना मिळतो; कुणा घरमालकाने घर पाडण्याआधी सहज मागावा अशी ती गोष्ट नाही. खड्डे इंजिनिअरचे, मजूर बिल्डरचे. माझ्या वाट्याला आली ती खड्ड्यांची एकेक बाजू आणि थोडे दिवस. तेवढंही पुष्कळ होतं.

वेलचेरी म्हटलं की आज लोकांना फिनिक्स मॉल आठवतो, उन्नत रेल्वेचं स्टेशन आठवतं, आणि १ डिसेंबर २०१५ चा पूर आठवतो, जेव्हा इथल्या कॉलन्यांतून होड्या फिरल्या. पण हे चेन्नईच्या कित्येक शतकं आधीचं गाव आहे. दंडीश्वरर आणि सेल्लियम्मन या दोन्ही मंदिरांत चोळकालीन शिलालेख आहेत. एका अंगाला अडयार नदी, दुसऱ्या अंगाला पळ्ळिकरणैची दलदल, मध्ये गावचा तलाव. हजार वर्षांपूर्वी इथे देऊळ बांधणाऱ्यांनी पाणी पाहून जागा निवडली असणार. दगडी मंदिर आपण जपतो, त्याच्यावरचे लेख छापून काढतो. ज्या लोकांनी त्या देवळाला तूप आणि दिवे पुरवले त्यांची घरं मात्र मातीची, कुडाची, झावळ्यांच्या छपराची होती. ती कुठे गेली? कुठेच गेली नाहीत, तिथेच खाली आहेत. आणि त्या तक्त्यात त्यांचं नाव भराव.

पहिला खड्डा ओट्याजवळ. आमचे मेस्त्री विळुप्पुरमकडचे, पन्नाशीचे, आयुष्यभर पाये खणलेले. पहार मारली की हात न लावता ते सांगायचे, इथे भराव संपला. आवाज बदलतो म्हणाले. भरावात पहार नुसती आत जाते, जुनी जमीन लागली की ती हाताला परत ढकलते. मी करणीने खरवडून रंग आणि पोत पाहून जी रेघ आखायचे, तिच्या बोटभर वर-खाली त्यांचं बोलणं खरं ठरायचं. ज्यांच्या हातात पहार असते त्यांना हे ज्ञान असतंच, फक्त त्यांना ते कुणी विचारत नाही.

खड्डा झाला की त्याची एक बाजू ओळंब्यात तासून घ्यायची. करणी सपाट धरून वरून खाली हलक्या हाताने ओढायची, म्हणजे माती माखत नाही. उन्हात मातीचे रंग मरतात, म्हणून वर चादर धरायला लावायची. मग झाडांवर औषध मारायच्या पंपाने पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि थोडं थांबायचं. कोरडी असताना एकसारखी दिसणारी भिंत ओली झाली की पट्ट्यापट्ट्यांनी उघडते: काही थर पाणी पिऊन काळे पडतात, काही तसेच फिके राहतात. लगेच खिळे ठोकून सुतळ्या ओढायच्या, प्रत्येक थराला चिठ्ठी लावायची, आणि मोजपट्टी धरून आलेखाच्या कागदावर उतरवून घ्यायचं. मामी रोज कॉफीचा पेला घेऊन खड्ड्याच्या काठाशी येऊन बसायच्या. पहिल्या फवाऱ्यानंतर त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आमच्या सगळ्या पावसाळ्यांची यादी आहे."

खरंच होतं. चौकातल्या खड्ड्यात वरती सिमेंटच्या फरशा, त्याखाली वाळू, त्याखाली विटांचे तुकडे आणि आविनच्या दुधाच्या पिशव्या. त्याखाली लाल मुरुमाचा जाड थर. त्याखाली पुन्हा जमीन, ही लाल ऑक्साइडची, घोटून गुळगुळीत केलेली. त्याखाली आणखी मुरूम, आणि त्याच्या तळाशी चुना-सुरखीची मूळ जमीन. एकाच चौकात एकाखाली एक तीन जमिनी. कारण बाहेर रस्त्यात होतं. चेन्नईत वर्षानुवर्षं रस्त्याचा जुना थर न खरवडता त्याच्यावरच नवा थर टाकत गेले. रस्ता चढला की घर खाली जातं, पाणी आत येतं, मग घरवाले भराव टाकून जमीन उचलतात. वेलचेरीत तर लोक आता अख्खं घर जॅकवर चढवून तीन-चार फूट उचलून घेतात, शेकडो जॅक एकदम फिरवून. शिकत असताना आम्ही पांढरीची टेकाडं पाहायचो. माणसं एकाच जागी राहत गेली, पडक्या घरांवर नवी घरं उठवत गेली आणि गाव हळूहळू वर चढलं. नाशिकच्या मातीच्या गढीचं, जिथे सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं, तेच. ही प्रक्रिया मी पुस्तकातून शिकले होते, पण चालू अवस्थेत प्रथम पाहिली ती वेलचेरीत. ती एका बाईच्या संसारात घडलेली, आणि प्रत्येक थर कुणाच्या लग्नाआधीचा आणि कुठल्या पुरानंतरचा हे सांगायला ती काठावर बसलेली.

त्या लाल मुरुमानेच आम्हाला सगळ्यात मोठा धडा दिला.

परसातल्या खड्ड्यात वरच्या मुरुमातून माती चाळताना एका मजूर बाईच्या हाताला एक दगड लागला. तळहाताएवढा, पिवळट तपकिरी, कडा लाटल्यासारख्या बोथट. तिने तो फेकला नाही, मला आणून दिला, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे तो "इथला नव्हता". धुऊन पाहिला आणि माझा श्वास अडकला. क्वार्टझाइट. एका बाजूला आघाताचा फुगवटा, दुसरीकडे तीन-चार कपचे काढल्याच्या खुणा. माणसाने घडवलेला छिलका, पुराश्मयुगीन धाटणीचा. बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. कीळडीच्या उत्खननापासून तमिळनाडूत पुरातत्त्व हा घराघरांतला विषय झालाय, रिक्षावालाही त्यावर आपुलकीने बोलतो. शेजारचे लोक येऊन विचारू लागले, वेलचेरी कीळडीहून जुनं का?

मला त्यांना नाही म्हणावं लागलं. वेलचेरीखालचा खडक चार्नोकाइट, म्हणजे परंगिमलै आणि पल्लावरमच्या टेकड्यांचा तो निळसर करडा पाषाण. (कलकत्त्यातल्या जॉब चार्नोकच्या थडग्याची शिळा या जातीची आहे, म्हणून थॉमस हॉलंड यांनी खडकाला त्याचं नाव दिलं.) मामींच्या घराच्या पायातही तोच होता. क्वार्टझाइटचे गोटे या गावात आपोआप येणार नाहीत. आणि दगड मिळाला तो थर दुधाच्या पिशव्यांच्या थराला चिकटून होता. मामींना आठवलं: एका मोठ्या पावसानंतर त्यांच्या यजमानांनी परस उचलायला लॉऱ्यांनी मुरूम आणवला होता. चेन्नईच्या उत्तरेला आणि पश्चिमेला, तिरुवळ्ळूरच्या बाजूला, जांभ्या मुरुमात अशी हत्यारं असतात हे जगाला ठाऊक आहे. कुठल्या तरी खाणीतून मुरमाबरोबर ते हत्यार लॉरीत चढलं आणि इथे उतरलं. घरातली सगळ्यात जुनी वस्तू सगळ्यात नव्या थरात होती.

लोकांचा विरस झाला, माझा नाही झाला. कारण तो छिलका वेलचेरीबद्दल काही सांगत नसला तरी एक गोष्ट ठामपणे सांगत होता: कुठे तरी एक खाण आहे किंवा होती, तिच्यात आदिमानवाच्या वस्तीचा थर होता, आणि तो थर शहरभर परसांत, रस्त्यांखाली, मैदानांत पसरून गेला. कुणी एका माणसाने त्या खाणीच्या कडेला उभं राहून एक रेघ आखली असती तर त्या दगडाला गाव मिळालं असतं, वय मिळालं असतं.

तसा एक माणूस इथे होऊन गेला, आणि तोही इथून आठ-दहा किलोमीटरवर. रॉबर्ट ब्रूस फूट हे भूगर्भशास्त्र खात्यात नोकरीला होते. ३० मे १८६३ रोजी पल्लावरमच्या लष्करी कवायतीच्या मैदानाजवळ मुरमाच्या एका लहानशा खड्ड्यातून काढलेल्या ढिगात त्यांना दगडी हत्यार दिसलं. भारतात पुराश्मयुग होतं याचा तो पहिला पुरावा. मला या कथेतलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की तो खड्डा फूटांनी खणलेला नव्हता. खड्डा बांधकामाच्या मुरमासाठी होता, दुसऱ्याच कुणीतरी खणला होता. फूटांनी फक्त पाहिलं, आणि हत्यार कुठल्या थरातलं ते लिहून ठेवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात विल्यम किंग यांच्यासोबत ते अत्तिरम्पाक्कमला पोचले. त्याच अत्तिरम्पाक्कमला पुढे डेक्कन कॉलेजात शिकलेल्या शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं उत्खनन केलं, आणि २०११ साली तिथल्या हत्यारांचं वय किमान १५ लाख वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं. मुरमाच्या एका खड्ड्याकडे नीट पाहिल्याचं फळ इतक्या लांबवर पोचतं.

मामींच्या घरातलं माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं जे होतं ते मात्र तिसऱ्या जमिनीच्याही खाली सापडलं, आणि ते पाहायला गल्लीतलं कुणी आलं नाही. चौकातल्या खड्ड्यात सुरखीची जमीन ओलांडली की गडद करड्या चिकणमातीचा थर लागला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे बारीक पांढरे शंख होते, म्हणजे कधीकाळी इथवर तलावाचं पाणी चढत असावं. त्या थराच्या माथ्यावर हातभर लांबीचा एक लालसर डाग होता. जवळ जाऊन खरवडला तर भाजून विटेसारखी घट्ट झालेली माती, तिच्या दोन्ही बाजूंना राखेचे पांढुरके पट्टे आणि मधोमध कोळशाचे कण. चूल. भिंगाखाली पाहिलं तर भाजलेल्या मातीत एकावर एक सारवणाचे पातळ पापुद्रे दिसत होते. कुणीतरी ती चूल वेळोवेळी लिंपत होतं. शेजारी लाल भांड्यांची खापरं, दोन कडांचे तुकडे, एकाची बाहेरची बाजू काजळीने काळी. आणि छपराच्या कौलांचे सपाट तुकडे.

घराचा पाया घेताना त्या चुलीचा अर्धा भाग कापला गेला होता. पायाच्या चराची उभी कड भिंतीत अगदी स्पष्ट दिसत होती: चिकणमातीतून सरळ खाली गेलेली, आत चुना आणि चार्नोकाइटचे तुकडे. म्हणजे चूल आधीची, घर नंतरचं. चुलीचं वय कोळशाची तपासणी झाल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. पण क्रम तर हातात आला: तलावाची माती, तिच्यावर वस्ती, वस्तीच्या छातीवर हे घर, आणि मग रस्ता चढेल तसतशा उचललेल्या जमिनी. कोळसा चांदीच्या कागदात गुंडाळून, डब्यात घालून, थराचा क्रमांक लिहून ठेवला. खाली हिरवट चिकणमाती लागली, तिच्यात शंखही नाहीत आणि खापरही नाही. मग पाणी झिरपायला लागलं आणि खड्डा थांबवावा लागला. ईशान्य मोसमी पाऊस होऊन गेला की इथे फार खोल जाता येत नाही.

चुलीसमोर बसून चित्र काढत असताना मामी विचारत होत्या, "कोणाची असेल गं?" मी म्हटलं, तुमच्याआधी इथे रांधणाऱ्या कुणाची तरी. त्यांनी ते गंभीरपणे ऐकलं, आत गेल्या आणि कुंकवाची डबी घेऊन आल्या. मी त्यांना अडवलं नाही, फक्त चित्र आणि छायाचित्रं पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगितलं.

आता कायद्याबद्दल बोलायला हवं, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. आपल्याकडे तीन तऱ्हेची तरतूद आहे. संरक्षित स्मारकाच्या भोवती, २०१० च्या दुरुस्तीनंतर, १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरला नियमन. पल्लावरममध्ये महापाषाणयुगीन दफनांच्या जागा संरक्षित आहेत आणि त्यांच्याभोवती दाट वस्ती आहे. तिथल्या लोकांनी घराच्या दुरुस्तीलाही परवानगी मिळेना म्हणून वर्षानुवर्षं सोसलंय. दुसरा कायदा १८७८ चा, गुप्तधनाचा: जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. तिसरा राज्याचा कायदा, तोही यादीतल्या स्मारकांपुरता. म्हणजे एकीकडे वीट हलवायची सोय नाही, आणि त्या वर्तुळाच्या बाहेर पाऊल टाकलं की वाटेल तितकं खोल खणा, कुणी पाहायला येणार नाही. मधलं काहीच नाही. मामींची चूल स्मारक नाही आणि गुप्तधनही नाही. दहा रुपये किंमत तिला कोण देणार? कुठल्याही कायद्याच्या नजरेत ती नाहीच.

छिलक्याबद्दल आम्ही राज्य पुरातत्त्व खात्याला छायाचित्रांसह लिहिलं आणि तो तालुका कचेरीत जमा करून पोच घेतली. वस्तूला जायला वाट आहे. थराला नाही.

इंग्लंडातही हे असंच होतं. १९८९ साली लंडनमध्ये कार्यालयाची इमारत बांधताना शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले. नट-नट्या रस्त्यावर उतरल्या आणि अखेर इमारतीचा आराखडा बदलून अवशेष तिच्या पोटात राखले गेले. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, तिथल्या सरकारने नियोजनाच्या मार्गदर्शिकेतच ही गोष्ट घातली: बांधकामाची परवानगी देण्याआधी जमिनीखाली काय आहे याचा अंदाज घ्यायचा, गरज असेल तर चाचणी चर घ्यायचे, आणि त्याचा खर्च बांधणाऱ्याने करायचा. बहुतेक ठिकाणी त्यानंतर इमारत होतेच. फक्त तिच्याखाली काय होतं ते लिहिलेलं राहतं. मला आपल्याकडे एवढंच हवंय. बंदी नको. पल्लावरमच्या लोकांचे हाल पाहिलेल्या माणसाने आणखी बंदी मागू नये.

आणि हे चेन्नईपुरतं नाही. पुण्यात पेठांमधले वाडे रोज उतरतायत. जेसीबी एका सकाळीत जोत्याखालची सगळी माती ट्रकांत भरून नदीकाठी नेऊन टाकतो. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुना भुयारी जलमार्ग उघडा पडला तेव्हा चार दिवस वर्तमानपत्रांत चर्चा झाली. पण ते भुयार होतं म्हणून दिसलं. पोकळी असेल तर जेसीबीचालकही थांबतो. थरासाठी कुणी थांबत नाही. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये उत्खनन केलं. ज्या १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर इकडे अरिकमेडूला रोमन खापरांच्या आधाराने दक्षिण भारताचा कालक्रम बसवत होते, त्याच सुमाराला पंचगंगेच्या काठी भूमध्य समुद्राकडून आलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आणि सातवाहनांची घरं उजेडात येत होती. व्हीलरांना अरिकमेडूची वाट दाखवली ती मद्रासच्या संग्रहालयात, एका कपाटात पडून असलेल्या अँफोऱ्याच्या तुकड्याने. तो कुठल्या गावचा ते माहीत होतं म्हणून. तेवढं माहीत नसतं तर तो एक फुटका रांजण होता.

खर्चाचा मुद्दा मला नेहमी ऐकवला जातो. मामींच्या घरी खड्डे तसेही व्हायचे होते. मजुरी तीच. जास्तीचं लागलं ते माझं मानधन, सुतळी, खिळे, फवाऱ्याचा पंप आणि बिल्डरने दाखवलेली थोडीशी सबुरी. त्याचं श्रेय मी त्याला देते. दिवस वाया जातोय म्हणून तो पहिल्यांदा कुरकुरला, पण चौकातला खड्डा पाहिल्यावर स्वतः मजल्यांच्या नकाशावर त्याने चुलीची जागा खुणेने दाखवून घेतली. पाइलचं एक टोक तिच्यावर येत होतं. वास्तुविशारदाने ते जरासं सरकवलं. इंजिनिअरने हिशेब करून चालेल म्हटलं. चुलीचा उरलेला अर्धा भाग वाळूने झाकून, वर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरून, पार्किंगखाली आहे तिथेच ठेवला. ओटे आणि खांबही राहिले. दाराशी मामी हल्ली संध्याकाळी बसतात.

मोठ्या बांधकामाला माती परीक्षणाचा अहवाल आजही लागतोच. तिपाई येते, भोक पाडते, तक्ता बनतो. त्या तक्त्याला एक पान जोडायचं: वरच्या दोन मीटरच्या एका तासलेल्या बाजूचं मोजमापासकट चित्र, छायाचित्र, आणि प्रत्येक थरातून काय निघालं त्याची यादी. विद्यापीठांतून दरवर्षी पुरातत्त्वाची मुलं बाहेर पडतात आणि बहुतेकांना काम मिळत नाही. एका जागेसाठी एका मुलाचे दोन-तीन दिवस. सगळी पानं एका ठिकाणी जमा झाली तर दहा वर्षांत वेलचेरीचा, कसब्याचा, पैठणचा जमिनीखालचा नकाशा तयार होईल, आणि कुणाचंही घर अडून राहणार नाही. मी हे लिहून महानगरपालिकेला दिलंय. वास्तुविशारदांच्या बैठकांत बोलते. डेक्कन कॉलेजातल्या जुन्या सोबत्यांनाही सांगते, की पुण्यात तुम्ही सुरुवात करा.

मेस्त्रींनी मात्र कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. मागच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. मडिपाक्कमला एका प्लॉटवर पाया खणतोय, उद्या काँक्रीट पडणार, आजच या म्हणाले. गेले तर त्यांनी खड्ड्याची एक बाजू ओळंब्यात तासून, वर ओलं गोणपाट टाकून ठेवली होती. वरती चार फूट लाल मुरूम, अगदी अलीकडचा. त्याच्याखाली थेट दलदलीची काळी माती, शंखांनी भरलेली. खापर नाही, कोळसा नाही, विटेचा कण नाही. पळ्ळिकरणैचं पाणी पूर्वी तिथवर होतं आणि भराव पडेपर्यंत तिथे कुणी राहिलं नव्हतं, एवढं त्या भिंतीवर दिसत होतं. मेस्त्री जरा हिरमुसले. मॅडमना फुकट बोलावलं म्हणाले. मी त्यांना मोजपट्टीचं टोक धरायला दिलं, चित्र काढलं, खाली तारीख, जागा, खोली लिहिली, "मानवी वस्तीचा पुरावा नाही" अशी नोंद केली, आणि शेजारी खणणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव घातलं.